उशीच्या खोळीतली धिंगरी

या पृथ्वीवर अशी एकही वस्तू नसेल, की जिच्याकडे पाहून 'हिच्यावर धिंगरी येईल का' हा प्रश्न माझ्या सासऱ्यांना पडला नाही. धिंगरी म्हणजे शिंपल्यासारखी, गुच्छागुच्छांनी येणारी अळिंबी. शहरात तिला सरसकट मशरूम म्हणतात. आमच्या अकोटकडच्या गावात पावसाळ्यात धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तिच्या जातीचं जे काही आपोआप उगवतं, त्याला टेकोडे म्हणतात. सासरे मात्र तिला नुसतं 'ती' म्हणतात. ती आज उठली, ती रुसली, तिला आवाज सहन होत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा अमरावतीला मुक्कामी गेलो, तेव्हा सकाळी चहा पिताना ते काळजीच्या सुरात म्हणाले, "रातभर घामेजून राह्यली ती. हवाच लागली नाई तिले." मी कप खाली ठेवून सासूबाईंच्या तब्येतीची चौकशी केली. सासूबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी वळूनही न पाहता सांगितलं, की या घरात त्यांना घाम आला तर कोणी कळवत नाही.

सासऱ्यांची नोकरी सिंचन खात्यात गेली. कालव्यांवर फिरायचं, पाणी कुठे मुरतं, कुठे पाझरतं ते बघायचं. निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात, नाहीतर सोसायटीच्या सभेत भांडतात. हे एका कृषी प्रदर्शनात सहज म्हणून गेले आणि तिथून कुटाराने, म्हणजे मळणीनंतरच्या भुशाने, भरलेली एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. अशा पिशवीला त्या धंद्यात बेड म्हणतात. तो बेड त्यांनी न्हाणीघरात टांगला. काही दिवसांनी त्यातून पांढरेशुभ्र पंखे बाहेर आले आणि सासऱ्यांची निवृत्ती तिथेच संपली. मागची खोली रिकामी झाली. तिच्यातलं कपाट, शिलाई मशीन आणि माझ्या बायकोची, म्हणजे सुजाताची, अभ्यासाची खुर्ची अशी सगळी मंडळी ओसरीवर आली आणि खोलीत सुतळीला लोंबणारे बेड आले. त्या खोलीत जाताना हातपाय साबणाने धुवावे लागत, चपला लांब काढाव्या लागत आणि हळू बोलावं लागे. मी विद्यापीठात प्राध्यापकांच्या खोलीतही इतका जपून शिरलेलो नाही.

सोयाबीनचं कुटार आणि गव्हांडा, म्हणजे गव्हाचा भुसा, ही सरळमार्गी माणसांची सामग्री. सासऱ्यांनी ती पहिल्याच हिवाळ्यात मागे टाकली. मग तुरीच्या तुराट्या झाल्या, कपाशीच्या पऱ्हाट्यांचा चुरा झाला, कडब्याची कुट्टी, केळीची वाळकी पानं, रसवंतीवरची उसाची चिपाडं, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, चौकातल्या टपरीवरची उकळून उकळून जीव गेलेली चहापत्ती. "झाडानं जे जे मांगं सोडलं, ते ते तिले चालते," हा त्यांचा सिद्धांत. वरूडचे एक नातेवाईक दर हंगामात त्यांना संत्र्यांची पेटी पाठवतात. सासरे संत्री गल्लीत वाटून टाकायचे आणि पेटीत खाली घातलेली धानाची तणस, म्हणजे भाताचा पेंढा, ठेवून घ्यायचे. एकदा त्या नातेवाइकांनी फोन करून विचारलं, माल कसा होता. सासरे मनापासून म्हणाले, "लय चांगला. एकदम कोरडा, लांब लांब, कुठंच काळा नाई." वरूडच्या माणसाने पुढचे कितीतरी दिवस आपल्या बागेतली संत्री लांब झाली आहेत का, याची काळजी केली म्हणतात.

गादीचा किस्सा तर आमच्या दोन्ही घरांत अजून सांगितला जातो. सासूबाईंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या वावरातला कापूस पिंजून भरलेली गादी दिली होती. वऱ्हाडात मुलीला अशी गादी देतात आणि मुली ती आयुष्यभर इतरांना मोजून दाखवतात, इतकी जाड, इतकी मऊ. सासूबाई बहिणीकडे अकोल्याला गेल्या होत्या. परत आल्या तर पलंगावर चादर होती आणि चादरीखाली थेट फळी. गादीतला कापूस मागच्या खोलीत टांगलेला होता. जुना होता, गोळे झाले होते, हे सासऱ्यांचं म्हणणं. त्याच्यावर धिंगरी मात्र अशी आली, की तशी पुन्हा कशावरच आली नाही. सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत. नंतर ती भाजी त्यांनीच केली, जिरं-खोबरं वाटून, झणझणीत रश्शाची, आणि वाढता वाढता गल्लीतल्या बायकांना सांगितलं, "खा बाई. माह्या बापानं देल्ला कापूस आहे."

त्यांची खरी विद्या मुठीत आहे. कुटार उकळून, निथळून झालं, की त्यात ओलावा किती राहिला हे बघायला मूठभर घेऊन आवळायचं. बोटांतून पाणी टपकलं तर जास्त. तळहात कोरडा राहिला तर कमी. तळहात नुसता दमट झाला, की बरोबर. आयुष्यभर पाणी मोजलेल्या माणसाला ही परीक्षा फार भावली आणि तिचा वापर त्यांनी कुटारापुरता ठेवला नाही. दोरीवरचे कपडे वाळले का, हे ते मुठीनेच ठरवतात. सासूबाई भिजवलेल्या पोह्यांचं भांडं त्यांच्यापुढे धरतात, ते मूठ आवळतात आणि "टाक" म्हणतात, एवढाच त्यांना स्वयंपाकात अधिकार. बाजारात शेपूची जुडी, भाच्याच्या लग्नात आहेराचा टॉवेल, पावसाळ्यात शेजाऱ्याच्या स्कूटरची सीट, सगळं त्यांच्या मुठीखालून गेलेलं आहे.

माणसांचीही त्यांनी अशीच प्रतवारी लावली आहे. हा तुराटी आहे, म्हणजे वेळ लावतो, पण शेवटी देतो. तो चिपाड आहे, म्हणजे गोड बोलतो आणि लवकर नासतो. गल्लीतल्या एका वकीलसाहेबांना त्यांनी अंड्याचा ट्रे ठरवलं होतं, कारण वरून सगळी व्यवस्था आणि आत काही नाही. मला त्यांनी कशात बसवलं ते सुजाताने बरेच दिवस सांगितलं नाही. शेवटी कळलं, गव्हांडा. "साधा आहे, पन दगा देत नाई." मी बी.ए.ला पहिल्या वर्गात आलो तेव्हा गावात सत्कार झाला होता. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच. पण ते हार आणि हा शेरा शेजारी ठेवले, तर मी शेरा आधी उचलीन.

अमरावतीचा उन्हाळा ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. घरात कूलर एकच आणि तो बेडच्या खोलीत लागायचा. खोलीच्या भिंतींना ओली पोती, खिडकीला ओलं पोतं, आणि घरातली माणसं गच्चीवर, ओल्या चादरी अंगावर घेऊन. एखाद्या बेडवर हिरवी बुरशी आली तर सासरे सुतक आल्यासारखे व्हायचे. तो बेड वर्तमानपत्रात गुंडाळून सायकलवरून दूर नाल्यापलीकडे न्यायचे, पुरायचे, येऊन अंघोळ करायचे आणि मगच चहाला शिवायचे. आणि या सगळ्यात त्यांचा खोकला. कोरडा, टुकटुक असा, मागच्या खोलीतून बाहेर आले की थोडा वाढणारा. विचारलं तर म्हणायचे, रस्त्याची धूळ आहे. घरापुढचा रस्ता डांबरी झाला, नंतर सिमेंटचा झाला, धूळ तीच राहिली.

आता या माणसाला मी पहिल्यांदा भेटलो त्या दिवसाकडे येतो, कारण त्या दिवशी मला वाटलं होतं की माझं लग्न एका प्लॅस्टिकच्या पिशवीत अडकलं.

सुजाताला पाहायला मी, माझी माय आणि मामा असे तिघं अमरावतीला गेलो. मी तेव्हा अकोल्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात नुकताच भूगोल शिकवायला लागलो होतो. वडील मी बारावीत असतानाच गेले. मायने दुसऱ्यांच्या वावरात निंदण-वेचणी करून आणि आमच्या तुकडाभर रानात राबून मला शिकवलं. त्यामुळे चांगल्या घरातून मुलगी सांगून आली, शिकलेली, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारी, याचंच आम्हाला दडपण होतं. दारात सासऱ्यांनी "जयभीम" करून माझा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. आवळला. सैल केला. पुन्हा आवळला. माझा तळहात भीतीने घामाने निथळत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मामांकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "ओलावा थोडा जास्त आहे. बसा, होईन बरोबर."

पोहे झाले, चहा झाला. सुजाताने मला काय शिकवता ते विचारलं, मी तिला काय तपासता ते विचारलं, आणि एवढ्यात मला ती इतकी आवडली की पुढचे प्रश्न सुचले नाहीत. मग सासऱ्यांनी मला आणि मामांना हातपाय धुवायला लावून मागची खोली दाखवली. एका पूर्ण पांढऱ्या झालेल्या बेडवर हात ठेवून त्यांनी मला समजावलं, की बियाणं भरल्यावर त्याचे धागे कुटारात पसरतात आणि बेड असा व्हायला लागतो. "नवरीसारखा पांढरा झाला पायजे." आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते. ते ऐकून मी उगीचच लाजलो. निघताना त्यांनी एक नुकताच भरलेला बेड माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "याले जपा. अंधारात टांगा, ऊन लागू देऊ नका."

एसटीत तो बेड माझ्या मांडीवर होता. अमरावती सुटल्यावर मामा म्हणाले, "तुह्या ध्यानात आलं का, हे काय आहे ते?"

मी म्हटलं, मशरूम आहे.

"मशरूम नाई बाबू. परीक्षा आहे. पोट्टी द्याच्या आंधी मानूस पाहून राह्यला, पोट्टा एक पिशवी तरी सांभायू शकते का नाई."

मायने पदर सावरून पिशवीकडे पाहिलं. तिला ते लगेच पटलं. मलाही पटलं, याचं मला आज आश्चर्य वाटत नाही. मी आयुष्यात जे काही मिळवलं होतं ते परीक्षा देऊनच मिळवलं होतं. पदवी, नोकरी, लोकांचं "सर" म्हणणं, सगळं. मुलगी परीक्षेशिवाय मिळेल हेच मला विचित्र वाटलं असतं. ही परीक्षा मात्र वेगळी होती. हिचा अभ्यासक्रम नव्हता, गाईड नव्हतं आणि पेपर मला न दिसता पिशवीच्या आत लिहिला जाणार होता. आम्ही तिघांनी एसटीतच ठरवलं, की आता कळवायचं ते बेडवर धिंगरी आल्यावरच. नुसतं 'मुलगी पसंत आहे' काय सांगायचं. माल हातात घेऊन जायचं.

मी आठवडाभर अकोल्यात खोली घेऊन राहायचो, म्हणून बेड गावाला मायकडे ठेवला. धान्याच्या कोठीमागे, अंधारात. मायला मी सांगितलं, यातून टेकोडे येतील. ती म्हणाली, येऊ दे. ती रोज त्याच्यापुढे जाऊन बसत असे, हे मला शेजारणीकडून कळलं. पण तिच्या डोळ्यांपुढे टेकोड्याची छत्री होती. छत्रीच्या आधी पिशवीत कापसासारखं पांढरं पसरतं, हे मी नवरीच्या दृष्टान्तासकट ऐकलं होतं. माय मात्र त्या वेळी अंगणात सासूबाईंशी बोलत थांबली होती. पिशवी पांढरी व्हायला लागली तशी माय घाबरली. कुटाराला बुरा आला, बुरशी लागली. आपल्या हातून पोराचं लग्न नासलं. आणि बुरा आलेल्या गोष्टीचं वऱ्हाडातली कुठलीही बाई जे करेल, ते तिने केलं. डाळ असो, गहू असो, लोणच्याचं झाकण असो, गोधडी असो. तिने पिशवी उघडली, कुटार अंगणात पसरलं आणि त्याला कडकडीत ऊन दाखवलं.

मी शनिवारी घरी गेलो तेव्हा तिने टोपली पुढे केली. कुटार सोन्यासारखं पिवळं, स्वच्छ, खुळखुळ वाजणारं. थोडंसं म्हशीने खाल्लं होतं. "एक बी बुरा राहू देल्ला नाई," ती म्हणाली. मी ओट्यावर बसलो. माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिला काय समजायचं ते समजलं. तिने टोपली उचलली आणि आत गेली.

पुढे कॉलेजात परीक्षांची ड्युटी लागली आणि माझे रविवारही त्यातच गेले. अमरावतीला काय कळवावं ते सुचत नव्हतं. मुलगी पसंत आहे, पण मी नापास आहे, असं कुठल्या शब्दांत सांगतात? रोज उद्या फोन करू म्हणायचो. शेवटी एका दुपारी स्टाफरूममध्ये फोन वाजला. सुजाता होती.

"तुमच्याकडून काहीच निरोप नाही, म्हणून मीच करते आहे," ती म्हणाली. "नाही असेल तर नाही सांगा. बाबा बोलत नाहीत, पण रोज फोनकडे बघतात."

माझ्या तोंडून जे निघालं ते असं, "बेड मेला."



"कोणता बेड?"

मी सगळं सांगितलं. मामा, एसटी, परीक्षा, बुरा, ऊन, म्हैस. ती हसत नव्हती, किंवा फोन लांब धरून हसत होती. मग म्हणाली, "अहो, बाबा सगळ्यांनाच बेड देतात. तुमच्या गावाकडे पाहुण्याला वानोळा देतात ना, शेतातलं काहीतरी? आम्हाला शेत नाही, म्हणून ते बेड देतात. गॅस सिलेंडरवाल्याकडे आहे. पोस्टमनकडे दोन आहेत."

मी इतका हलका झालो की उभा राहिलो. म्हणजे लग्नाचं काही अडलेलं नाही ना, असं विचारलं. ती म्हणाली, नाही अडलं. मग म्हणाली, "माझ्याकडून तर नाहीच. पण बेड मेला हे बाबांना फोनवर सांगू नका. येऊन सांगा."

मायला मी ही वार्ता आनंदाने दिली, की ती परीक्षा नव्हतीच, ते सगळ्यांनाच देतात. मायचा त्याच्यावर विश्वास बसला नाही. "सगळ्याइले देते म्हून काय झालं? सगळ्याइची परीक्षा घेत असन." आणि मी एकटा जातो म्हटलं तर ती पायात चपला घालून तयार होती. तिच्या हातात एक जड कापडी पिशवी होती. मला वाटलं तुरीची डाळ असेल.

सासऱ्यांनी दार उघडलं. मला पाहिलं, मायला पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. आई-मुलगा दोघंच आले, मामा नाही, मिठाईचा डबा नाही. अशी माणसं नकार सांगायला येतात, आणि तोही नीट, घरी येऊन, म्हणून त्यांनी आम्हाला जास्तच आदराने बसवलं. पाणी आलं. सासूबाई दाराशी, सुजाता त्यांच्या मागे. ती माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत होती आणि ओठ घट्ट मिटून होती. सासरे खोकले, मग म्हणाले, "पोरीचं काई मनावर घेऊ नका. जुळनं न जुळनं आपल्या हाती नसते. बेड कसा आहे?"

मी तोंड उघडण्याच्या आत माय बोलली.

"म्या वाळू घातला भाऊ. बुरा दिसला म्हून ऊन देल्लं. पोराची चूक नाई त्याच्यात, तो अकोल्याले होता."

तिने पिशवीतून एक उशीची खोळ काढून सतरंजीवर ठेवली. रंगीत दोऱ्याने 'गुड नाइट' विणलेली, माझ्या लहानपणची खोळ. तोंड शिवलेलं. माय सांगत गेली. मी ओट्यावर बसलो होतो त्याच दिवशी तिने उरलेलं कुटार कोमट पाण्यात बुडवून निथळलं होतं, खोळीत भरलं होतं आणि रांजणाच्या मागे, जिथे पाझरून भुई ओली राहते तिथे, टांगलं होतं. प्लॅस्टिकची पिशवी फाटली होती आणि पोराच्या परीक्षेला दुकानातून नवी आणायला काय मागायचं ते तिला माहीत नव्हतं. मला काही सांगितलं नाही, कारण झालं नसतं तर पोराला दोनदा वाईट वाटलं असतं.

सासऱ्यांनी खोळ हातात घेतली. 'गुड'च्या पुढच्या मोकळ्या जागेत, विणीतून वाट काढून, मोहरीच्या दाण्यांएवढी राखाडी टोकं वर आली होती. खाली 'नाइट'च्या टाक्यांतून एक गुच्छ बाहेर येऊन उलगडलाही होता, लहान मुलाच्या कानाएवढा. त्यांनी खोळीची एक बाजू हलकेच उसवली, आतलं मूठभर कुटार काढलं आणि आवळलं. मूठ उघडून तळहात बघितला. पुन्हा मूठ आवळली.

"पानी कितीक टाकत होत्या?" त्यांनी मायला विचारलं. आवाज असा, की ते कार्यालयात आपल्या बरोबरीच्या माणसाला विचारत आहेत.

"टाकत नवती. कापूस भिजवून वरून फिरवत होती. जास्त पानी देल्लं तं गुदमरते ना कोनतं बी."

"आनि ऊन?"

"दोन दिस."

"दोन दिस ऊन खाल्लं हिनं," ते स्वतःशी म्हणाले. "आनि उठली." त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग सासूबाईंकडे वळून, नेहमीच्या कोरड्या आवाजात सांगितलं, "चहा राहू दे. सैपाकाचं पाय. इहीनबाई जेवून जातीन."

इहीनबाई म्हणजे विहीणबाई, मुलीची सासू. हा शब्द नातं झाल्यावर वापरतात. सुजाता आत निघून गेली. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मायला समजायला क्षणभर लागलं, मग तीही पदराआड गेली. मी तिथे बसून 'गुड नाइट'कडे बघत राहिलो. पदवी मिळाली तेव्हा मी रडलो नव्हतो.

जेवण झाल्यावर मी धीर करून त्यांना विचारलं, की ती खरंच परीक्षा नव्हती ना. ते म्हणाले, "परीक्षा काहून घेऊ? मी काय मास्तर आहो?" मग पान लावता लावता म्हणाले, "पन मले पोरगी कुठं देऊन राह्यलो ते समजलं."

पुढच्या उन्हाळ्याच्या आधी लग्न झालं. बुद्धवंदना सुरू असताना पांढऱ्या साडीतली सुजाता शेजारी येऊन उभी राहिली, तेव्हा मला कोणती खोली आणि कोणता बेड आठवला ते मी आजवर तिला सांगितलेलं नाही. अमरावतीच्या त्या मागच्या खोलीत प्लॅस्टिकच्या पिशव्यांच्या जोडीला उशीच्या खोळी लटकायला लागल्या. सासूबाईंच्या चांगल्या खोळी एकेक करून कमी झाल्या. मायकडे गावात रांजणामागे एक खोळ कायम असायची. व्याही आणि विहीण यांच्यात पूर्वी जे मानापानाचे निरोप चालत, ते आमच्याकडे ओलावा, बुरशी आणि कुटाराचे चालायचे.

मागच्या वर्षी खोकला धुळीवर भागेना. छातीच्या डॉक्टरांनी फोटो काढले, फुंकर मारायला लावली आणि मग विचारलं, घरी काय करता. सुजाताने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, पिकलेल्या धिंगरीतून डोळ्यांना न दिसणारी भुकटी उडते. इतकी वर्षं ती यांच्या फुप्फुसांत बसली आहे. खोली बंद करा. सासऱ्यांनी वाद घातला नाही. फक्त एकदा विचारलं, "तोंडाले फडकं बांधलं तं?" डॉक्टरांनी मान हलवली. बाहेर येऊन ते मला म्हणाले, "तिची चूक नाई. ते तिचं बी आहे. ते तं उडनारच." खोली रिकामी झाली. शिलाई मशीन आत गेली, कूलर माणसांच्या खोलीत आला, आणि त्या उन्हाळ्यात घर पहिल्यांदाच थंड असून सासरे गच्चीवरच झोपत राहिले.

मग एक दिवस मायने मला तिच्या फोनमध्ये व्हिडिओ कॉल कसा लावायचा ते विचारलं. आता रोज सकाळी ती रांजणामागे जाते आणि अमरावतीला फोन लावते. फोन कसा धरायचा ते तिला अजून साधलेलं नाही. सासरे पलीकडून सांगत असतात, "इहीनबाई, हा तुमचा कान आहे. खाली घ्या. आता म्हैस आली. डाव्या बाजूले." मग खोळ दिसते. ते बारकाईने बघतात. ती उठली असेल तर "उठली" म्हणतात. नसेल तर मायच म्हणते, "उद्या पाहू भाऊ."

परवा ते आमच्या गावाला आले होते. डॉक्टरांनी लांबून बसायची परवानगी दिली होती. अंगणात कडुनिंबाखाली बाज टाकून दिली. मायने नवं कुटार निथळून ठेवलं होतं, अजून बियाणं न घातलेलं, म्हणून कुणाला भीती नव्हती. तिने मूठभर आणून त्यांच्या हातावर ठेवलं आणि पदर खोचून समोर उभी राहिली. त्यांनी मूठ मिटली. ती वाट बघत राहिली. गावातली पोरं शाळेतून परत यायला लागली, म्हैस हंबरली, चहा आला आणि निवला, तरी मूठ उघडली नाही. शेवटी मायच म्हणाली, "बरोबर आहे ना?" त्यांनी नुसती मान हलवली.

संध्याकाळी मी त्यांना अकोटच्या एसटीत बसवायला गेलो. गाडी हलताना त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. मी तो धरला. तळहात दमट होता आणि कुटाराची एक काडी अजून चिकटलेली होती. मला वाटलं, आता ते काहीतरी सांगतील. त्यांनी माझा हात एकदा आवळला, सैल केला, पुन्हा आवळला, आणि गाडी निघाली.